आर-मधल्या आलेखावर मराठी अक्षरं तुटतात किंवा चौकोन येतात: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत जीजीप्लॉट२ या पॅकेजने आलेख काढला, रंग जमले, मांडणी जमली, आणि अक्षावरच्या 'सिंधुदुर्ग'ची वेलांटी मात्र स च्या पुढे जाऊन बसली, रफार खाली पडला. असा आलेख अहवालात लावता येत नाही. हा बिघाड पुन्हा पुन्हा येतो आणि बहुतेक वेळा लोक चुकीच्या जागी हात घालतात: एकामागून एक फॉन्ट डाउनलोड करत सुटतात. फॉन्ट क्वचितच दोषी असतो. दोष बहुधा अक्षरं काढणाऱ्या डिव्हाइसमध्ये असतो.

आर स्वतः अक्षरं काढत नाही. 'हा मजकूर, या जागी, या आकारात' एवढं सांगून तो काम ग्राफिक्स डिव्हाइसकडे सोपवतो. पीएनजीचं डिव्हाइस वेगळं, पीडीएफचं वेगळं, आरस्टुडिओच्या (आर लिहायच्या-चालवायच्या प्रोग्रॅमच्या) प्लॉट्स खिडकीचं आणखी वेगळं. रोमन लिपीला एकापुढे एक अक्षर ठेवलं की भागतं. देवनागरीत स नंतर टाइप केलेली पहिली वेलांटी स च्या आधी काढावी लागते, 'र्ग' मधला र उचलून ग च्या डोक्यावर न्यावा लागतो. या जुळणीला शेपिंग म्हणतात. जे डिव्हाइस शेपिंग करत नाही, त्याला जगातला सर्वात सुंदर फॉन्ट दिला तरी ते अक्षरं सुटी सुटीच मांडणार.

खाली फंक्शनांची आणि पॅकेजांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची. नेमकं स्पेलिंग आरस्टुडिओचं ऑटोकम्प्लीट देतं.

लक्षणं

आधी आपल्या आलेखावर यातलं नेमकं काय दिसतंय ते ठरवा. सगळ्यांना 'मराठी येत नाही' म्हणतात, पण कारणं निराळी आहेत.

- अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन.
- अक्षरं ओळखू येतात, पण जोडाक्षरं तुटलेली, पाय मोडलेले, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला.
- पीडीएफमध्ये नावाच्या जागी ओळीने टिंबं, आणि कन्सोलवर 'कन्व्हर्जन फेल्युअर'ची वॉर्निंग.
- कोनदार कंसात यू, अधिकचिन्ह आणि चार आकडी-अक्षरी कोड.
- फ्रेंच वाटावीत अशी शेंड्यांची रोमन अक्षरं, किंवा निरर्थक रोमन गिचमिड.
- अक्षरं व्यवस्थित, पण एकाच गावाचे दोन स्तंभ, किंवा नकाशावर एक तालुका पांढराच राहिलेला.
- प्लॉट्स खिडकीत सगळं ठीक, सेव्ह केलेल्या फाइलीत किंवा निट केलेल्या (कोडसकट आपोआप तयार केलेल्या) अहवालात मोडलेलं. कधी याच्या उलट.

१. मजकूर मुळात देवनागरी आहे का? (एक मिनिट)

आलेख बाजूला ठेवा. ज्या नावात गडबड दिसते ते एक नाव 'यूटीएफ८-टू-इंट' या आरच्या मूळ फंक्शनला द्या. ते प्रत्येक चिन्हाचा क्रमांक देतं. 'पुणे' दिल्यावर २३४६, २३६९, २३३९, २३७५ यायला हवं: प, उकार, ण, मात्रा. मराठीला लागणाऱ्या देवनागरी अक्षरांचे क्रमांक २३०४ ते २४३१ या पट्ट्यात असतात. आकडे या पट्ट्यात असतील तर डेटा शुद्ध आहे, सरळ पुढच्या तपासणीकडे जा.

२२४, १६४ असे आकडे दर तिसऱ्या जागी परत परत येत असतील तर फाइल यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) आहे, पण वाचताना ती वेगळं एन्कोडिंग, म्हणजे साठवायची वेगळी पद्धत, समजून वाचली गेली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, त्या तीन बाइटची तीन अक्षरं झाली आहेत. रीडआर पॅकेजचं 'रीड-सीएसव्ही' यूटीएफ-८ गृहीत धरतं, ते वापरलं की बहुधा मिटतं. मूळ 'रीड-डॉट-सीएसव्ही' वापरायचंच असेल तर 'फाइल-एन्कोडिंग'ला 'यूटीएफ-८-बॉम' द्या. एक्सेलमधून काढताना साधं सीएसव्ही न निवडता 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायचं. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होऊन जातात आणि प्रश्नचिन्हांतून मराठी परत येत नाही, मूळ फाइलीकडेच जावं लागतं.

सगळे आकडे २५६ च्या खाली, पण २२४ चा ताल नाही? मग तो मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असणार. कार्यालयांकडून मिळणाऱ्या जुन्या तक्त्यांत हे सर्रास असतं. तिथे फॉन्ट लावल्यावर मराठी दिसते, पण साठवलेली अक्षरं रोमनच असतात. त्याचं काय करायचं ते शेवटी.

कोनदार कंसातले कोड विंडोजवर जुन्या आरमध्ये येतात. आर ४.२.० पासून, म्हणजे २०२२ पासून, विंडोज १० च्या १९०३ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर आर यूटीएफ-८ मध्येच चालतो. 'एल१०एन-इन्फो' चालवा, यूटीएफ-८ पुढे ट्रू दिसलं पाहिजे. फॉल्स असेल तर आर अद्ययावत करा. लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) बदलण्याच्या जुन्या युक्त्यांमध्ये दुपार घालवू नका.

२. रॅगने एक फाइल काढून बघा (पाच मिनिटं, फुकट)

सगळ्या यादीतली सर्वात जास्त फळ देणारी तपासणी हीच. रॅग हे पॅकेज इन्स्टॉल करा. ते अक्षरं जुळवायला हार्फबझ ही लायब्ररी वापरतं, म्हणजे शेपिंग करतं. शिवाय तुम्ही दिलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर मशीनवरचा दुसरा देवनागरी फॉन्ट आपणहून शोधतं.

चाचणीसाठी तुमचा खरा आलेख घेऊ नका. एका रिकाम्या प्लॉटवर 'अॅनोटेट'ने एवढीच ओळ टाका: सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कऱ्हाड, त्र्यंबकेश्वर. पहिली वेलांटी, अनुस्वार, रफार, कऱ्हाडमधला अर्धा र, तीन व्यंजनांचं जोडाक्षर, सगळं या चार नावांत येतं. 'जीजीसेव्ह'ने पीएनजी काढा, 'डिव्हाइस'ला रॅगचं 'एजीजी-पीएनजी' द्या, डीपीआय ३००. फंक्शनच्या नावापुढे कंस लावायचे नाहीत. कंस लावले की डिव्हाइस तिथेच उघडतं आणि चाचणी भलतीकडे जाते.

आता ती फाइल फाइल म्हणून उघडून बघा, आरस्टुडिओच्या खिडकीत नाही. निकाल तीन प्रकारचे येतात.

अक्षरं नीट: दोष डिव्हाइसचा होता. तपासणी ३ वर जा.

चौकोन: मशीनवर देवनागरी फॉन्टच नाही. थेट ५ वर जा.

जोडाक्षरं अजूनही तुटलेली: कुठेतरी शोटेक्स्ट हे पॅकेज चालू आहे. तपासणी ४.

३. बाकीच्या ठिकाणीही तेच डिव्हाइस लावा

आरस्टुडिओमध्ये टूल्स, ग्लोबल ऑप्शन्स, जनरल, तिथला ग्राफिक्स टॅब, आणि बॅकएंडमध्ये एजीजी. हे केलं नाही तर खिडकीत एक आणि फाइलीत दुसरंच दिसत राहतं, कारण जीजीप्लॉट२ च्या ३.३.४ आवृत्तीपासून 'जीजीसेव्ह' रॅग सापडलं की पीएनजीसाठी गुपचूप तेच वापरतं. 'सेव्ह केल्यावर आपोआप सुधारलं' यातलं गूढ एवढंच.

आर मार्कडाउन आणि क्वार्टो (मजकूर आणि कोड एकत्र लिहून अहवाल काढायची साधनं) ही तिसरी जागा. तिथे आलेख निटआर काढतं आणि त्याला आरस्टुडिओची सेटिंग माहीत नसते. पहिल्या चंकमध्ये (अहवालातल्या कोडच्या तुकड्यात) 'ऑप्ट्स-चंक'च्या 'देव' पर्यायाला 'रॅग-पीएनजी' द्या. हो, त्या पर्यायाचा उच्चार देवच आहे.

४. शोटेक्स्ट बंद करा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण जुन्या उत्तरांत सगळीकडे 'शोटेक्स्ट टाका' हाच सल्ला सापडतो. शोटेक्स्ट चौकोन घालवतं हे खरं. ते फॉन्टमधून अक्षरांच्या बाह्यरेषा काढून चित्रासारख्या रेखाटतं, त्यामुळे कुठल्याही डिव्हाइसवर अक्षरं उमटतात. रोमन, सिरिलिक, चिनी यांना ते उत्तम. पण ते शेपिंग करत नाही. 'सिंधुदुर्ग' त्याच्याकडून असा येतो: आधी स, मग वेलांटी, आणि शेवटी पाय मोडलेला र आणि त्याच्या शेजारी ग. मराठी न वाचणाऱ्या सहकाऱ्याला ते ठीकच वाटेल, आणि तसाच आलेख पुढे जाईल.

यातली खरी खोच अशी की 'शोटेक्स्ट-ऑटो' एकदा चालू झालं की नंतर उघडलेल्या प्रत्येक डिव्हाइसचा मजकूर ते आपल्या ताब्यात घेतं, रॅगचासुद्धा. त्यामुळे रॅग लावूनही अक्षरं तुटलेलीच राहतात आणि माणूस पुन्हा फॉन्ट शोधायला निघतो. 'शोटेक्स्ट-ऑटो'ला फॉल्स द्या, स्क्रिप्टमधून ती ओळ काढा, आणि मुख्य म्हणजे आर सुरू होताना आपोआप चालणारी आर-प्रोफाइल फाइल उघडून बघा. ओळ बऱ्याचदा तिथे पडून असते. मग आर रीस्टार्ट करा आणि चार नावांची चाचणी परत घ्या.

५. फॉन्ट आहे का, आणि आरला दिसतो का?

सिस्टिमफॉन्ट्स पॅकेजचं 'सिस्टिम-फॉन्ट्स' मशीनवरच्या सगळ्या फॉन्टची यादी देतं. विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर लोहित किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एखादा असायला हरकत नाही. मुक्ता, हिंद, बालू हे फुकट मिळणारे फॉन्ट आलेखाला चांगले बसतात: रेघ एकसारखी, लहान आकारातही मात्रा वाचता येतात. शीर्षकाला मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी बघा. लहान अक्षांवर मात्र तो नको.

फॉन्टचं नाव यादीत आहे तसंच, अक्षरश: तसंच द्यायचं. एक स्पेस चुकली तरी आर तक्रार न करता दुसराच फॉन्ट घेतो.

विंडोजवर फॉन्ट टाकताना 'सर्व वापरकर्त्यांसाठी' असं इन्स्टॉल करा. एकट्यापुरता टाकलेला फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि काही प्रोग्रॅमना सापडत नाही. ऑफिसच्या मशीनवर ॲडमिन पासवर्ड नसतो. मग फॉन्टची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सिस्टिमफॉन्ट्सच्या 'रजिस्टर-फॉन्ट'ला एक नाव आणि फाइलीचा पाथ द्या. इन्स्टॉल करायची गरजच उरत नाही, आणि प्रोजेक्ट दुसऱ्याला दिला तरी फॉन्ट सोबत जातो. खरं तर पासवर्ड असला तरी हीच पद्धत बरी.

अक्षांवर फॉन्ट लागला पण स्तंभांवरच्या आकड्यांना लागला नाही, अशी तक्रार असेल तर 'जिऑम-टेक्स्ट'ला 'फॅमिली' वेगळी द्या. थीममधल्या 'टेक्स्ट'ला दिलेला फॉन्ट तिथपर्यंत पोचतोच असं नाही. आकारही वेगळ्या मापात असतो: थीममध्ये पॉइंट, 'जिऑम-टेक्स्ट'मध्ये मिलिमीटर. अक्षावर ११ असेल तर स्तंभावर तेवढंच दिसायला ३.९ द्या. तिथे ११ लिहिलं की आकडे बैलाएवढे होतात.

६. अक्षरं नीट, पण नावं जुळत नाहीत

हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सर्वात जास्त वेळ खातो. 'कऱ्हाड' तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं: ऱ आणि हलन्त, म्हणजे २३५३, २३८१; र, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आणि हलन्त, म्हणजे २३५२, २३६४, २३८१; किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे २३५२, २३८१, ८२०५. पडद्यावर तिन्ही सारखे. आरच्या दृष्टीने तीन गावं. म्हणून स्तंभ दोन येतात, आणि नकाशाशी जोडताना तालुका पांढरा राहतो.

स्ट्रिंगी पॅकेजचं 'एनएफसी' नॉर्मलायझेशन पहिले दोन प्रकार एक करतं. तिसरा करत नाही. तो बदल स्वतः लिहावा लागतो. आणि क्रम सांभाळा: ८२०५ नकोसं अक्षर समजून सरसकट पुसलं तर 'कऱ्हाड'चं 'कर्‌हाड'सुद्धा राहत नाही, र थेट रफार होऊन ह वर चढतो. आधी त्या तीन चिन्हांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, मग उरलेले जोडक बघा.

'ॲ'चंही तसंच. एकसंध चिन्ह २४१८, किंवा अ आणि वरचा चंद्र, २३०९ आणि २३७३. नॉर्मलायझेशन यांना एक मानत नाही. दोन्ही एकाच रूपात आणायचं काम तुमचंच. नावाच्या शेवटी चिकटलेली १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस हा आणखी एक नेहमीचा गुन्हेगार; वेबवरून कॉपी केलेल्या तक्त्यांत ती हमखास.

जिल्ह्यांच्या बाबतीत एक साधी गोष्ट विसरते: २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, आणि छत्रपती संभाजीनगर, धाराशिव ही नावं त्या तक्त्यात नाहीत. पालघर रिकामा दिसला तर एन्कोडिंगला दोष देण्याआधी हे बघा. शक्य असेल तिथे नावावर न जोडता जनगणनेच्या कोडवर जोडा, नाव फक्त दाखवायला ठेवा.

७. शेपिंग ठीक, तरी आलेख गचाळ दिसतो

दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. जीजीप्लॉट२ च्या नेहमीच्या थीममध्ये 'लाइनहाइट' ०.९ असते, ती रोमनला पुरते. मराठीला १.२ ते १.३ द्या.

नावं आखूड करायला 'सबस्ट्र' वापरू नका. ते चिन्हं मोजतं, अक्षरं नाही. 'मुख्यमंत्री' आपल्याला चार अक्षरी, आरला अकरा चिन्हांचा. 'रत्नागिरी'ची पहिली तीन चिन्हं घेतली तर पाय मोडलेला 'रत्' उरतो, आणि 'नाशिक'ची घेतली तर चक्क 'नाश'. लघुरूपांचा छोटा तक्ता हाताने करा. लांब नावं असतील तर स्तंभ आडवे करा, म्हणजे नावं उभ्या अक्षावर सरळ बसतात. 'छत्रपती संभाजीनगर' नव्वद अंशांत फिरवून वाचायला कोणाला लावू नये.

आकडे मराठीत हवे असतील तर मूळ आरचं 'सीएचएआर-टीआर' दहा अंक दहा अंकांशी बदलून देतं. मात्र हे लेबलवर करायचं, डेटावर नाही. डेटात केलं की संख्या मजकूर होते आणि स्तंभ वर्णानुक्रमे लागतात. लाख-कोटीसाठी स्केल्स पॅकेजच्या 'लेबल-नंबर'मधल्या 'स्केल-कट'ला शून्य, १ लाख आणि १ कोटी हे टप्पे नावांसह द्या. पुणे जिल्ह्याची २०११ ची ९४,२९,४०८ लोकसंख्या मग '९४.३ लाख' अशी येते. नाहीतर ९.४ मिलियन वाचत वाचकाने गुणाकार करायचा.

८. पीडीएफ

हे मुद्दाम शेवटी, कारण इथे उपाय मशीनवर अवलंबून आहे. आरचं साधं पीडीएफ डिव्हाइस देवनागरी जाणतच नाही. जुन्या आवृत्त्यांत ते प्रत्येक बाइटमागे एक टिंब ठेवतं, म्हणून 'पुणे'ची बारा टिंबं. त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही.

'कैरो-पीडीएफ' हे दुसरं डिव्हाइस वापरून बघा, पण आधी 'जीआर-सॉफ्ट-व्हर्जन' चालवून पँगो या लायब्ररीपुढे काही आकडा आहे का ते पाहा. शेपिंग पँगो करतं. तिथे रिकामं असेल तर कैरो अक्षरं उमटवेल, पण जुळवणार नाही, आणि तुम्ही पुन्हा लक्षण क्रमांक दोनवर. मग एसव्हीजीलाइट पॅकेजने एसव्हीजी चित्र काढा, इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, तिथून पीडीएफ करा. मजकूर एसव्हीजीत मजकूरच राहतो, म्हणून इंकस्केप असलेल्या मशीनवर तोच फॉन्ट हवा. अहवाल फक्त वाचायचा असेल तर इतकंही नको: रॅगने ३०० डीपीआयची पीएनजी घाला.

९. सर्व्हरवर शायनी

शायनी म्हणजे आरमध्ये केलेलं वेब-ॲप. लॅपटॉपवर सुंदर, सर्व्हरवर चौकोन. कारण बहुधा एकच: कोऱ्या लिनक्सवर देवनागरी फॉन्ट नसतो. डेबियन किंवा उबुंटूवर लोहित देवनागरीचं किंवा नोटोचं मूळ पॅकेज टाका, रॅग टाका, आणि शायनीची प्रक्रिया पुन्हा सुरू करा. सिस्टिमफॉन्ट्स फॉन्टची यादी लक्षात ठेवतं, नुसतं पान रिफ्रेश करून काही होत नाही. लिनक्सवर रॅग सोर्समधून बांधलं जात असेल तर फ्रीटाइप, हार्फबझ, फ्रिबिडी आणि पीएनजी, जेपेग, टिफ यांच्या डेव्हलपमेंट फाइली आधी लागतात. इन्स्टॉल अडकलं तर एरर मेसेजमध्ये यातलंच एखादं नाव असतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सर्व्हरवर रूट परवानगी नसेल तर सिस्टिम ॲडमिनला सांगा. होम फोल्डरमध्ये लायब्ररी बांधत बसलात तर पुढच्या अपडेटला ते सगळं कोसळेल. त्याला नेमकं मागा: एक देवनागरी फॉन्ट पॅकेज आणि वर लिहिलेल्या लायब्ररी.

श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला तक्ता पन्नास-शंभर नावांचा असेल तर कन्व्हर्टर वापरून स्वतः तपासा. रफार, अर्धा र आणि पहिली वेलांटी इथे हमखास चुका निघतात. हजारो ओळी असतील, किंवा तो तक्ता पीडीएफमधून उपसलेला असेल, तर मराठी डीटीपी करणाऱ्याला द्या. त्यांच्याकडे त्या त्या फॉन्टचे कन्व्हर्टर असतात आणि चुका कुठे होतात हे हाताला माहीत असतं. चुकीच्या नावांवर काढलेला नकाशा दुरुस्त करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ऑफसेट छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंतली) फाइल हवी असेल तर आरमध्ये रंग जुळवायचा प्रयत्न सोडा. एसव्हीजी आणि संदर्भासाठी एक पीएनजी प्रेसला द्या, आणि मजकूर आउटलाइनमध्ये बदलायला सांगा. छापायच्या आधी त्यांच्याकडून प्रूफ मागवा आणि त्यावर आधी 'सिंधुदुर्ग' शोधा.

चार नावांची चाचणी स्वच्छ सेशनमध्ये, शोटेक्स्टशिवाय, रॅगने, पाथ देऊन नोंदवलेल्या फॉन्टनेही फसत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं आहे. तेवढाच कोड, 'सेशन-इन्फो'चं आउटपुट आणि ती पीएनजी घेऊन पॅकेजच्या इश्यू पानावर जा. पूर्ण अहवालाचा कोड चिकटवू नका, तो कोणी वाचत नाही.